पाठीवरच्या टाचण्या

१४ एप्रिल, मंगळवार

ट्यूलिप आत्ताच फुलले! ट्यूलिप उत्सवाला अजून तीन आठवडे अवकाश आणि चौकातले वाफे तोंड वासून बसलेत. असला तापलेला एप्रिल आयोवात कोणी पाहिलाय? व्हर्ला रूलॉफ्स सकाळीच दारात हजर — पोशाख समितीची अध्यक्ष, फुलांच्या समितीची अध्यक्ष, आणि तिचा आव बघता हवामानाचीही अध्यक्ष तीच. "अगं आर्डिथ, बघितलंस काय झालं ते! आता पाहुण्यांना काय नुसते देठ दाखवायचे?" जसं काही मीच जाऊन एकेक कळी उघडून आले.

उपाय ती घरूनच ठरवून आली होती. कापडाचे ट्यूलिप शिवायचे आणि देठांना बांधायचे. शिवणार कोण? नीवडॉर्पमध्ये सुईदोरा म्हटलं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. लाल कापडाचा अख्खा तागा टेबलावर आदळला आणि जाता जाता म्हणाली, "तुला काय बाई, वेळच वेळ आहे."

वेळच वेळ! नवरा मेला की बायकोला वेळ मिळतो म्हणे, बक्षीस म्हणून.

१६ एप्रिल, गुरुवार

दिवसभर लाल पाकळ्या. बोटं सुजली. सासूबाई शेजारी बसून दोरा ओवायचा हट्ट करत होत्या. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे धुरकटलेत, पण ऑपरेशन नको. "बघण्यासारखं आता राहिलंय काय?" म्हणतात. दोरा सुईच्या बाजूनं जातो आणि शिव्या सुई खाते.

उत्सवाच्या पोशाखांची पेटीही आज उघडली, हवा द्यायला. माझं निळं वर होतं, लाल पार तळाशी.

पाहुण्यांना दरवर्षी इतक्यांदा समजावते की झोपेतही म्हणून दाखवीन — समुद्रापलीकडे, आमच्या पूर्वजांच्या गावी बाईची अवस्था तिच्या छातीवरच्या कापडावरून वाचायचे. लाल चौकडी म्हणजे सुखाचं घर. निळं म्हणजे नवरा गेला. निळं उतरवून पुन्हा लाल लावायचं ते सासरच्या मोठ्या बाईनं, स्वतःच्या हातानं. आणि टाचण्या कुठे? पाठीवर, मानेच्या खाली, जिथे आपला हात काही केल्या पोचत नाही! ज्यानं कोणी हा पोशाख आखला त्यानं पूर्ण विचार करूनच आखला. पाहुणे "किती सुंदर!" म्हणतात, फोटो काढतात आणि पेस्ट्री खायला जातात.

पोशाख वर्षातून तीन दिवस. निळं मात्र बारा महिने.

१७ एप्रिल, गुड फ्रायडे

चर्चमधून येताना सासूबाईंना वेंडेलच्या बाकावर बसायचं होतं. गावानं बसवलेला बाक, वर पितळी पाटी — वेंडेल हूकस्ट्रा, अग्निशामक, गावासाठी प्राण दिले. धान्याच्या कोठाराला आग लागली तेव्हा सगळे बाहेर आले आणि हा परत आत गेला. कशाला गेला ते मला आजतागायत कळलेलं नाही. तीन वर्षं झाली.

खरं सांगू? इथे तरी सांगते. माणूस वाईट नव्हता. बोलायचा नाही, एवढंच. इतक्या वर्षांच्या संसारात 'तुला काय वाटतं?' असं त्यानं मला एकदाही विचारलं नाही. आणि मेल्यावर अख्ख्या गावाला तो माझ्यापेक्षा जास्त माहीत झाला!

आता उत्सवाच्या मिरवणुकीत त्याचं हेल्मेट मखमली उशीवर घेऊन मी पुढे चालते. निळ्यात. मान खाली. गेल्या वर्षी मला शिंक आली तर रस्त्याकडेच्या बायका डोळे पुसायला लागल्या.

१९ एप्रिल, ईस्टर

नणंद जोआन आली. तिचं शेत इथून हाकेच्या अंतरावर, पण येणं ईस्टरला आणि ख्रिसमसला. बटाट्यांचा भलामोठा वाडगा टेबलावर ठेवला, आईच्या गालाची पापी घेतली, "आर्डिथ आहे म्हणून मला बाई घोर नाही" म्हणाली आणि पळाली.

तुला घोर नाही, कारण तो माझ्या गळ्यात बांधलाय! बोलले नाही. हॅम कापलं.

२२ एप्रिल, बुधवार

अर्विद आला!

२३ एप्रिल, गुरुवार

काल एवढंच लिहून वही मिटली, कारण सासूबाई म्हणाल्या, "कुणाला एवढं लिहितेस गं?" डोळे गेले तरी कान शाबूत आहेत.

अर्विद सुंदीन. डुलूथचा, वर उत्तरेला, मोठ्या सरोवराच्या काठचा. हातानं चाक फिरवून वाजवायची ती रस्त्यावरची ऑर्गनची गाडी असते ना आमची — ती दुरुस्त करणारा आसपासच्या चार राज्यांत हा एकटा. गेल्या वसंतात ऑर्गनचा भाता फाटला म्हणून आला होता आणि भात्याचं कातडं मी शिवून दिलं. तेव्हापासून दर रविवारी दुपारी फोन, सासूबाई आडव्या झाल्या की. वर्षभर! नीवडॉर्पमध्ये एखादी गोष्ट वर्षभर झाकून राहिली म्हणजे चमत्कारच म्हणायचा.

आज अग्निशामक दलाच्या शेडमध्ये गेले. ऑर्गनचं पोट उघडून त्यात खांद्यापर्यंत शिरला होता. बाहेर आला तर नाकावर ग्रीस. मला असं हसू फुटलं! कितीतरी दिवसांनी कोणासमोर मोठ्यानं हसले आणि समोरच्यानं माझा हात दाबून "धीर धर" म्हटलं नाही.

२५ एप्रिल, शनिवार

जुनी घरं पाहुण्यांना उघडी ठेवायचा दिवस. आमचंही घर त्यात, कारण ते जुनं आहे आणि त्यात वेंडेलची आई राहते. सकाळपासून अनोळखी माणसं स्वयंपाकघरात माना घालतायत आणि मी कपाटापाशी हसरं तोंड करून उभी. एक बाई नवऱ्याच्या कानाशी लागली, "हीच ती विधवा." म्हणजे हा जुना चुलाणा, हे जुनं घड्याळ, आणि ही विधवा. हात लावू नये.

दुपारी त्या रांगेतून अर्विदही आला, टोपी हातात धरून, साळसूद! सासूबाईंशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. निघताना बेकरीची पिशवी माझ्या हातात दिली. बदामाचं सारण भरलेली पेस्ट्री. "तुला आवडते ना."

मला बदाम आवडत नाहीत. या गावात जन्मून बदाम न आवडणं म्हणजे चर्चमध्ये शिट्टी वाजवण्यासारखं, म्हणून आजवर कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. खाल्ली.

२६ एप्रिल, रविवार

त्यानं विचारलं! म्हणजे — विचारलं असं नाही. सांगितलं.

पवनचक्कीच्या मागे उभे होतो. म्हणाला, "उत्सव संपला की माझ्याबरोबर चल. डुलूथला. लग्न करू." मी काही बोलायला तोंड उघडलं. त्यानं बोट वर केलं. "आत्ता काही बोलू नकोस. तुमचं ते कापडाचं मला माहीत आहे. शनिवारी मिरवणूक चौकात संपेल तेव्हा मी ऑर्गन वाजवत असेन. लाल घालून आलीस तर मी समजेन. निळ्यात आलीस तरी समजेन — सामान बांधीन, निघून जाईन, पुन्हा फोन करणार नाही. तुला एक शब्दही बोलावा लागणार नाही."

किती समजूतदार माणूस! मला रडूच आलं. डुलूथला मला कोणी ओळखत नाही. तिथे मी बाजारात गेले तर लोक भाजी देतील आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघतील. फक्त एवढंच हवंय मला!

अर्ध्या वाटेवर आले आणि डोक्यात प्रकाश पडला — लाल लावणार कोण?

२७ एप्रिल, सोमवार

सासूबाई एकतीस वर्षं निळ्यात आहेत. त्यांच्या सासूनं लाल लावायचं कबूल केलं होतं म्हणे. "पुढच्या वसंतात, पुढच्या वसंतात" म्हणत म्हातारी मेली. मग घरात मोठं कोणी उरलंच नाही. संपलं.

तरी आज बटाटे सोलताना हिय्या करून विषय काढलाच. "आई, ते लाल... किती वर्षांनी लावतात हो?"

चाकू थांबला नाही. "आपल्या घरात निळं उतरवायची घाई कुणाला झालेली नाही."

बटाट्याचं साल एका सलग पट्टीत बादलीत पडलं, डोळ्यांनी दिसत नसताना! सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही.

२८ एप्रिल, मंगळवार

कॉर्नी फेनेमा हेल्मेट घेऊन आला. गावाचा मेयर, आणि वेंडेलचा आगीतला जोडीदार. मला अजून वहिनी म्हणतो. "वहिनी, जरा चकचकीत करून ठेवा बरं का. या वर्षी मिरवणुकीत टीव्हीवाले येणार आहेत." मग हेल्मेटकडे बघून त्याचा गळा भरून आला. तसा तो दरवर्षी येतो. मीच त्याला कॉफी देऊन शांत करते.

टीव्हीवाले! म्हणजे आता आयोवाभर विधवा.

२९ एप्रिल, बुधवार

आरशासमोर लाल स्वतःच लावून पाहिलं. हात पाठीमागे, कोपर कानाशी. एक टाचणी बोटात, एक मानेत, तिसरी कुठे गेली देव जाणे. शेवटी कापड तिरकं लोंबायला लागलं तेव्हा आरशातल्या बाईला एक सणसणीत शिवी हासडली.

मग व्हर्लाला फोन केला, आडून विचारलं — "समज एखादीला सासरचं मोठं कोणी नसेल, तर?"

"तर ती जन्मभर निळ्यात! नियम म्हणजे नियम. मिरवणुकीआधी मी एकेकीच्या टाचण्या बघते, तुला माहीतच आहे. पण कोणाबद्दल विचारतेस गं?"

"असंच."

"तू काही काळजी करू नकोस. तू तर गावाचं भूषण आहेस."

भूषण मानेला औषध लावून झोपलं.

१ मे, शुक्रवार

आज सासूबाई माझ्या हिरव्या स्वेटरला "तो काळा" म्हणाल्या.

त्यांना रंग दिसत नाहीत! उत्सवात रोज सकाळी निळं त्याच लावतात मला. मी हातात देते, त्या लावतात. आणि एक दिवस मी हातात लाल दिलं, तर?

शी! आंधळ्या म्हातारीला फसवायचं?

२ मे, शनिवार

आणि का नाही? मला कोणी विचारून बांधलंय का?

४ मे, सोमवार

अडचण निघालीच. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! निळं धुऊन धुऊन मऊ पडलंय आणि लाल अजून कोऱ्यासारखं कडक. बोटांना लगेच कळेल. सासूबाई दुपारी झोपल्या की लाल गरम पाण्यात घालते, चोळते, पिळते, दगडावर आपटते. तीनदा झालं. चौकडी थोडी फिकटली. मऊ मात्र झालं, जवळजवळ निळ्याइतकंच.

हात सोलवटले. सासूबाई विचारतात, "एवढं काय धुतेस?" म्हटलं, उत्सवाचे टेबलक्लॉथ.

एकदा खोटं बोलायला लागलं की मग काही अवघड जात नाही.

५ मे, मंगळवार

कापडी ट्यूलिप देठांना बांधले. सगळ्या बायका गुडघ्यांवर, व्हर्ला शिट्टी घेऊन उभी. लांबून खरे वाटतात. जवळून माझे टाके दिसतात. एक मधमाशी बराच वेळ एकात शिरू बघत होती, तिची दया आली.

अर्विद चौकात ऑर्गनचे सूर लावत होता. आमची नजर एकदाच भेटली. त्यानं छातीवर बोटानं चौकोन काढला आणि भुवया उडवल्या. मी पटकन खाली बघितलं. लाज वाटली, आनंद झाला, आणि का कोण जाणे रागही आला.

७ मे, गुरुवार

उत्सव सुरू. रस्ता घासायचा दिवस. कॉर्नी काळा कोट आणि उंच टोपी घालून आला, पांढरा हातमोजा रस्त्यावर फिरवला, हात उंच करून ओरडला, "घाण! आमचा रस्ता घाण!" पाहुणे खदाखदा हसले. मग आम्ही सगळे लाकडी जोडे घालून, बादल्या-खराटे घेऊन रस्त्यावर. दरवर्षी तो घाण म्हणतो, दरवर्षी आम्ही घासतो. एखाद्या वर्षी 'स्वच्छ आहे' म्हणाला तर काय करू आम्ही? उभे राहू तसेच.

सासूबाई खुर्चीवर बसून तांब्या-तांब्यानं पाणी ओतत होत्या, आणि पाहुण्यांच्या बुटांवर पडलं की खूश होत होत्या. एक बाई कॅमेरा घेऊन धावत आली. "दोघी सासू-सुना ना? दोघीही निळ्यात! अगदी चित्र!" आम्हाला वेंडेलच्या बाकावर बसवलं, एकमेकींचा हात धरायला लावला. फोटो झाल्यावर म्हणते, "पुढच्या वर्षी पुन्हा येईन हं मी. असाल ना दोघी इथेच?"

"जातोय कुठे!" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात काहीतरी होतं, कळलं नाही. माझा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

संध्याकाळी माझ्या टाचण्या काढताना त्यांनी विचारलं, "जड होतं का गं तुला हे?"

माझी पाठ त्यांच्याकडे. आत्ता सांग! आत्ता सांग! घशापर्यंत आलं.

म्हणाले, "नाही हो आई. सवय झालीये."

"हं," म्हणाल्या. टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या.

मूर्ख! मूर्ख! मूर्ख!

८ मे, शुक्रवार

अग्निशामक दलाच्या शेडमध्ये वाटाण्याच्या सूपाचं जेवण. मी वाढत होते. अर्विद तिसऱ्यांदा वाडगा पुढे करून उभा. त्याला सूप नको होतं, बोलायचं होतं.

त्यानं सगळं ठरवून ठेवलंय. माझं शिलाईचं मशीन जिन्याखाली. (तिथे उजेड आहे का, विचारणार होते, पण तो इतका खुशीत होता.) पलंग त्याच्या आईचा, भक्कम ओकचा. त्याच्या बहिणीच्या चर्चमध्ये बायकांना भरतकाम शिकवायचं. "त्यांना तुझ्याबद्दल सांगून ठेवलंय मी."

"सांगून ठेवलंस? मी अजून..."

"तू काही बोलू नकोस, उद्या कळेलच मला!" आणि डोळा मारला.

"आणि सासूबाई?"

"त्यांना लेक आहे ना." हेही बरोबरच आहे.

चांगला माणूस आहे. माझ्याशी बोलतो, मला हसवतो, दारू पीत नाही, आईचा पलंग जपून ठेवतो. देवानं दार उघडलंय, आर्डिथ, तर उंबऱ्यावर कसला विचार करत बसलीस? मग पोटात हा गोळा कसला? फसवायचं आहे त्याचाच असेल. दुसरं काय असणार.

इकडे आड, तिकडे विहीर. उद्या काय ते होईल.

९ मे, शनिवार

चर्चच्या तळघरात बसून लिहितेय, घड्या घातलेल्या खुर्च्यांच्या मागे. वही झग्याच्या आतल्या खिशात होती. वर बँड वाजतोय.

सकाळी लाल त्यांच्या हातात दिलं. सासूबाईंनी कापड अंगठ्यानं चाचपलं. उलटं केलं. पुन्हा चाचपलं. मला वाटलं, मेले! म्हणाल्या, "नीट उभी राहा. हलू नकोस." एकेक टाचणी. नेहमीपेक्षा वेळ लावला. झाल्यावर पाठीवर थाप मारली, जी त्या कधी मारत नाहीत, आणि म्हणाल्या, "जा."

फसवलं मी त्यांना. जिना उतरताना स्वतःची इतकी लाज वाटली! आणि त्याच वेळी शेवटच्या चार पायऱ्या उडी मारून उतरावंसं वाटलं.

व्हर्लानं मला पाहिलं आणि तिची शिट्टी तोंडातून पडली. "हे काय! कोणी लावलं?"

"आईंनी."

तिनं मला खांद्यांना धरून गरकन फिरवलं. टाचण्या बघितल्या. आडव्या, जोडी-जोडीनं — गावात तशा एकट्या सासूबाई लावतात. मग म्हणाली, "नियमात बसतं." फार दुःखानं म्हणाली.

मग मिरवणूक. हातात उशी, उशीवर हेल्मेट, छातीवर लाल. रस्त्याच्या दोन्ही बाजू चिडीचूप. एक म्हातारी मोठ्यानं "अगं बाई!" म्हणाली. टीव्हीवाल्याला काय समजेना, तो आपला माझ्यामागे चालतोय. या वेळी मी मान खाली घातली नाही. मला दुकानांच्या पाट्या दिसल्या, घरांचे छज्जे दिसले, छपरावर बसलेली पोरं दिसली. तीन वर्षं मी या रस्त्याचे नुसते दगड बघत होते!

चौकात आलो. अर्विदनं मला पाहिलं. चाक फिरवता फिरवता हात थांबला, सूर मधेच तुटला. सगळं शांत.

मग त्यानं टोपी आभाळात फेकली. "ती माझ्याबरोबर येतेय! डुलूथला! आम्ही लग्न करतोय!"

आणि मग लाकडी जोडे आपटायला लागले सगळे — इथे टाळ्या अशाच वाजवतात — असा दणदणाट की कानठळ्या बसाव्यात. कॉर्नी व्यासपीठावरून रडतच उतरला, माझ्या हातातली उशी घेतली, "वहिनी, वेंडेलला आनंदच झाला असता!" ह्याला काय माहीत? मला माहीत नाही, ह्याला काय माहीत! व्हर्ला तोवर सावरली होती. "पुढच्या वर्षी नवरा-नवरीची गाडी काढू! आर्डिथ, तू आठवडाभर आधी येशील ना, शिवायला?" अर्विदनं माझं कोपर धरलं. कानात म्हणाला, "तू आता फक्त उभी राहा. मी सगळं बघतो."

सकाळी गावाची विधवा, दुपारी गावाची नवरी! ऑर्गन थांबला तेव्हापासून अर्विद ओरडला तोपर्यंत, मधले ते काही क्षण, मी कोणाचीच नव्हते. तेवढ्यापुरतं फार बरं वाटलं होतं मला. ते गेलं.

कॉर्नीनं माइक माझ्या तोंडासमोर धरला. "बोला वहिनी! हो म्हणा!"

मी जे बोलले ते इथे लिहायला अजून हात धजत नाही. वर कोणीतरी मला हाका मारतंय.

१० मे, रविवार

"नाही" म्हणाले. चौकातल्या सगळ्या भोंग्यांतून एकदम ऐकू आलं. माझा आवाज इतका मोठा आहे, माहीत नव्हतं.

अर्विदला नंतर बाजूला घेऊन नीट सांगितलं, जमेल तसं. "मग लाल कशाला घातलंस?" एवढंच तो विचारत राहिला. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. संध्याकाळी त्याची गाडी उत्तरेला गेली.

घरी येऊन सासूबाईंच्या पायाशी बसले. म्हटलं, आई, मी तुम्हाला फसवलं. ते निळं नव्हतं.

"मला शिकवतेस? शिवलंय कुणी ते? आपट दगडावर कितीही, काठ दुहेरी आहे त्याचा."

"मग लावलंत कसं?"

"त्या पेटीवाल्यासाठी नाही लावलं. तुझ्यासाठी लावलं." माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग मला बाजूला केलं. "जोआनला फोन लाव. म्हणावं, खोली झाडून ठेव, आई येतेय राहायला. आणि तू कुठे जायचं ते तुझं तू ठरव. मला विचारायला येऊ नकोस."

अजून ठरवलेलं नाही.